दिवा लावायला माणूस

कोकणात, हेदवीला आमच्या वाडीतली पाखाडी उतरलं की डाव्या हाताला जांभ्याचं एक कौलारू घर लागतं. पुढे पडवी, खळ्यात तुळस, चारी बाजूंनी गडगा. मालक डोंबिवलीला असतात. गणपतीला आणि शिमग्याला येतात, एरवी घराला कुलूप. गेल्या दिवाळीच्या तोंडावर त्यांनी माणसं पाठवून घराला लायटिंग करून घेतलं. पागोळीच्या कडेने माळा सोडल्या, दोन माडांचे बुंधे माळांनी गुंडाळले, गडग्यावर एलईडीची पट्टी बसवली आणि तुळशीवर फोकस रोखला. बटण दाबायला कोणी लागत नाही. अंधार पडला की सगळं आपोआप लागतं, उजाडलं की आपोआप बंद होतं.

पहिल्या संध्याकाळी शेजारच्या आजींनी तो उजेड पाहिला. "मंडळी आली वाटतं," म्हणत त्यांनी चार घावने ताटलीत झाकून घेतले, काठी टेकत त्या बेड्यातून आत गेल्या आणि पडवीत उभ्या राहून हाका मारत राहिल्या. घर झगमगत होतं आणि दाराला कुलूप होतं. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "दिवा दिसला म्हणून गेले हो. दिवा आहे आणि माणूस नाही, असं जन्मात पाहिलं नव्हतं."

त्यांचं हे बोलणं माझ्या मनातून जात नाही. घराबाहेर रोषणाई करावी की करू नये, किती करावी, कधीपर्यंत ठेवावी, यावर हल्ली वीजबिलाच्या अंगाने बोललं जातं, नाहीतर हौसेच्या अंगाने. आजींनी त्याच्याही आधीची गोष्ट सांगितली. घराबाहेरचा दिवा हा वाटेवरच्या माणसाला दिलेला निरोप असतो. आत कोणीतरी आहे, या घरात आज काहीतरी आहे, एवढं तो सांगतो. आपल्या भाषेने हे कधीच ओळखलं होतं. वंश खुंटलेल्या घराबद्दल बोलताना आपण 'दिवा लावायला माणूस उरला नाही' असं म्हणतो. दिवा आणि माणूस या म्हणण्यात जोडीनेच येतात. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे की ही जोडी तुटू देऊ नये. जो दिवा माणूस लावतो आणि माणूसच मालवतो, तो कितीही मोठा, कितीही रंगीत असला तरी त्याने कोणाचं बिघडत नाही. ज्याला मालवणारं कोणी नाही, तो दिवा मात्र सणालाही मारक ठरतो आणि रात्रीलाही.

हे मी रोषणाईच्या विरोधात लिहीत नाही. लहानपणी आम्ही बांबूच्या कामट्या तासून, खळ शिजवून, पातळ रंगीत कागद चिकटवून आकाशकंदील करत असू आणि तो काठीवर चढवताना वाडीतली सगळी पोरं गोळा होत. घराच्या आत कंदील लावून कुणाला काय दिसणार? तो बाहेरच हवा, उंचच हवा. कार्तिकात उंच काठीवर आकाशदिवा लावायची आपली जुनी रीत तर पितरांसाठी होती, म्हणजे अंगणाच्याही पलीकडच्या वाटसरूंसाठी.

माझा पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या एडिसन गावात राहतो. दिवाळीला तो घराला माळा लावतो आणि नाताळ होईपर्यंत ठेवतो. तिथली पुष्कळ भारतीय घरं तसंच करतात. शेजारीपाजारी नाताळसाठी शिडीवर चढायला लागतात तेव्हा आपल्या लोकांच्या माळा आधीच लागलेल्या असतात. व्हिडिओ कॉलवर त्याने मला पूर्ण आळी फिरवून दाखवली. छपरांच्या कडांवर पांढरे दिवे, हिरवळीवर तारांचं उजळलेलं हरीण, झाडांभोवती लाल-हिरव्या माळा. तो म्हणाला, "काका, डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो. कामावरून येताना हे दिवे दिसले नाहीत तर जीव गुदमरेल." त्याचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

तो राहतो ते गावच या विजेच्या रोषणाईच्या मुळाशी आहे. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती. ३१ डिसेंबर १८७९ रोजी त्याने आपला विजेचा दिवा लोकांना तिथेच दाखवला. पुढे १९५४ मध्ये गावाने त्याचंच नाव घेतलं. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने २२ डिसेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी नाताळचं झाड विजेच्या दिव्यांनी सजवलं. हाताने तारा जोडलेले लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे होते आणि झाड गोल फिरत होतं. त्याआधी नाताळच्या झाडावर मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवत. मग ही रोषणाई घराबाहेर आली. कॅलिफोर्नियातल्या अल्टाडेना गावात १९२० पासून एका रस्त्यावरची झाडं नाताळला उजळतात. ती झाडं देवदाराची आहेत. १८८५ मध्ये लावलेली, मूळची आपल्या हिमालयातली. गावचे लोक एकत्र येऊन माळा चढवतात आणि सण झाला की उतरवतात. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेला हा उद्योग मला आपल्या दीपमाळेच्या जातीचा वाटतो.

दिवाळी आणि नाताळ या बाबतीत आपल्याकडेही दूरचे नाहीत. वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांसमोर डिसेंबरात गोठा उभा राहतो. गवत, माती, कागदाचे डोंगर आणि वर तारा. गोव्यात त्या ताऱ्याला नखेत्र म्हणतात. तो कामट्यांचा आणि कागदाचा, आपला आकाशकंदीलही कामट्यांचा आणि कागदाचा. दोन्ही सणांत माणसाने अंधारात काठी उभारली, तिच्यावर उजेड टांगला आणि सांगितलं की आमच्याकडे आज आनंद आहे, तुम्हीही पाहा.

आणि अंधाराचं गुणगान करण्यापूर्वी आमच्यासारख्यांनी आपलंच जुनं आयुष्य आठवावं. माझ्या आईची पिढी रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात स्वयंपाक करायची. रोज तिन्हीसांजेला कंदिलाच्या काचा राखेने पुसाव्या लागत. रात्री कोणी आजारी पडलं तर सुक्या झावळाची चूड पेटवून पाखाडी चढावी लागे आणि पायाखाली फुरसं नाही ना हे पाहत पाऊल टाकावं लागे. अंधार रम्य असतो हे शहरातून चार दिवस आलेल्याने म्हणावं. ज्याने त्यात बाळंतपणं आणि मरणं पाहिली, त्याने दारात पहिला बल्ब लागल्यावर हात जोडले. तो नमस्कार खरा होता.

या उजेडासाठी आमच्या मुलखाने मोलही दिलं आहे. चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचं वीजघर आहे. १९६० मेगावॅटच्या या प्रकल्पासाठी घाटावरची गावं पाण्याखाली गेली आणि वीज करून सोडलेलं पाणी वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीला मिळतं. आमच्याच गुहागर तालुक्यात अंजनवेलला दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. १९९९ मध्ये तो सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला आणि नंतर रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नावाने पुन्हा उभा करावा लागला. दक्षिणेला खाडीपलीकडे जयगडला १२०० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे. एवढी वीजघरं आजूबाजूला असूनही पावसाळ्यात झाड पडलं की आमचे दिवे जातात. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने शेजारच्या दापोली-मंडणगडात खांब आडवे केले तेव्हा अनेक गावं कितीतरी दिवस अंधारात होती. तिथे वीज परत आली त्या रात्री कोणी दारात माळ लावली असेल, तर तिला उधळपट्टी म्हणायची माझी हिंमत नाही.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे?

तेलाचा दिवा आपला शेवट स्वतःबरोबर घेऊन यायचा. पणतीत चमचाभर तेल मावतं. ते संपलं की वात मंद होते आणि दिवा शांत होतो. कोकणातल्या देवळांपुढच्या दीपमाळा पाहा. खालून वरपर्यंत दगडी हात काढलेले असतात आणि प्रत्येकावर एक दिवा. त्रिपुरी पौर्णिमेला ते सगळे एकदम लागतात आणि रात्र चढते तसे एकेक करून मालवतात. दुसऱ्या दिवशी दीपमाळ पुन्हा नुसता दगडाचा खांब असते आणि वर्षभर तशीच उभी राहते. तिच्याकडे वर्षभर पाहून आपल्याला त्या एका रात्रीची आठवण होते. कोणी नियम करायची गरज नव्हती, तेलच नियम करत होतं.

विजेने हा शेवट काढून घेतला. तरीही बरीच वर्षं दोन गोष्टी आपल्याला आवरून धरत होत्या. बिल यायचं आणि बल्ब उडायचे. एलईडीने तेही काढून घेतलं. जुन्या ६० वॅटच्या बल्बचं काम आता ९ वॅटचा दिवा करतो. ही मोठी सोय आहे आणि ज्या निळ्या एलईडीमुळे पांढरा प्रकाश इतका स्वस्त झाला, त्याच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं ते योग्यच होतं. पण विल्यम जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये कोळशाबद्दल जे दाखवलं, ते इथेही घडलं. एखादी गोष्ट कमी खर्चात काम करू लागली की माणूस ती वाचवत नाही, जास्त वापरतो. एका बल्बच्या विजेत सहा दिवे लागतात हे कळल्यावर आपण सहा लावले आणि ते काढायचं कारण कोणाजवळ उरलं नाही. वर्षभर चालू राहिलेली माळ हौसेने ठेवलेली असतेच असं नाही. बहुतेकदा ती उतरवायची राहून गेलेली असते.

उपग्रहातून हे दिसतं. २०१४ मध्ये नासाने दाखवलं की नाताळ आणि नव्या वर्षाच्या दिवसांत अमेरिकेतल्या अनेक शहरांचा रात्रीचा उजेड २० ते ५० टक्क्यांनी वाढतो. मध्यपूर्वेतल्या शहरांतही रमजानच्या महिन्यात असाच उजेड वाढलेला दिसला. या बातमीने मला आनंद झाला होता. माणसांचे सण आकाशातून दिसतात, यात वाईट काय? ती वाढ सणापुरती होती, म्हणूनच ती ओळखू आली. मला काळजी वाटते ती दुसऱ्या आकड्याची. २०११ ते २०२२ या काळात जगभरच्या हजारो लोकांनी नुसत्या डोळ्यांनी तारे मोजून नोंदी पाठवल्या. त्यांवरून २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की रात्रीचं आकाश दरवर्षी सुमारे १० टक्क्यांनी अधिक उजळ होत आहे. नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या असल्या तरी वाट आपलीही तीच आहे. या गतीने आठेक वर्षांत आकाशाचा उजेड दुप्पट होतो. ज्या मुलाला जन्मताना अडीचशे तारे दिसत होते, त्याला अठराव्या वर्षी जेमतेम शंभर दिसतात. ही वाढ कोणत्याही सणाची नाही. तिला तिथी नाही.

आमच्या किनाऱ्यावर या उजेडाचं ओझं पाहायला उपग्रह लागत नाही. गुहागरचा किनारा हा ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा महाराष्ट्रातला एक मोठा किनारा आहे. नोव्हेंबर ते मार्च हा त्यांचा हंगाम. मादी रात्री भरतीबरोबर वाळूत येते, खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि पहाटेआधी परत जाते. किनाऱ्यावर उजेड असला की ती बिचकते आणि कधी अंडी न घालताच वळते. पिल्लं वाळूतून वर आली की क्षितिजाच्या उजळ बाजूकडे धावतात. लाखो वर्षं ती बाजू समुद्राचीच होती, कारण पाण्यावर चांदणं पडतं आणि माडांखाली काळोख असतो. आता माडच उजळले, तर त्यांनी कुठे जायचं? आपल्याकडे बरीच घरटी कुंपणाच्या आत हलवतात आणि पिल्लं माणसांच्या देखरेखीखाली सोडतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावाला हाताशी धरून उभं केलेलं हे काम आता किनाराभर पसरलं आहे. पण अंडी घालायला येणाऱ्या आईचा हात धरून कोणी आणू शकत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत गुहागरला बागेश्री आणि गुहा या दोन माद्यांच्या पाठीवर उपग्रहाचं यंत्र बसवलं होतं. बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात गेली. एवढा समुद्र तुडवणाऱ्या जिवाला आपल्या वाळूवर हवा असतो तो तासाभराचा काळोख.

कासवांचा हंगाम आणि आपला पर्यटनाचा हंगाम एकच आहे, ही अडचण आहे. दिवाळीची सुट्टी, नाताळ, ३१ डिसेंबर. किनाऱ्यालगतच्या खोल्यांना आणि खानावळींना याच दिवसांत माळा लागतात, त्यांतून गिऱ्हाईक येतं आणि त्यावर घर चालतं. ते चाललंच पाहिजे. मुंबईला जाऊन दहा बाय दहाच्या खोलीत राहण्यापेक्षा पोराने गावात राहून चार खोल्या भाड्याने द्याव्यात, हे मला केव्हाही अधिक प्रिय आहे. पण शहरातून लोक इथे काय पाहायला येतात, हेही विचारावं. झगमगाट त्यांच्याकडे भरपूर आहे. जानेवारी २०२४ मध्ये विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. काळोख नीट राखला तर तोही पाहुण्यांना बोलावतो, हे महाराष्ट्राने स्वतः दाखवलं आहे. मृगाच्या आधी आमच्या झाडांवर काजवे लागतात तेव्हा पाहुणे अंगणात येऊन गप्प उभे राहतात. काजव्यांचा उजेड हा नर-मादीचा एकमेकांना दिलेला निरोप असतो. बुंध्याला माळ गुंडाळलेल्या झाडावर तो निरोप वाचता येत नाही.

दिवे रात्रभर चालू ठेवायला चोरांच्या भीतीचं कारणही सांगतात. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची सवय शेजाऱ्याला होते, तशी चोरालाही होते. त्यापेक्षा हालचाल झाली की लागणारा एक दिवा अधिक राखण करतो, कारण तो अचानक लागला की कोणीतरी मान वर करून पाहतं.

उजेड नेमका असला तर थोडाही पुरतो, हे पाहायला आमच्याकडे दीपगृहं आहेत. उत्तरेला अंजनवेलजवळ टाळकेश्वराचं, दक्षिणेला जयगडचं. खलाशी त्यांना ओळखतो ते त्यांच्या झोताच्या ठरावीक तालावरून. उजेड, मग काळोख, मग पुन्हा उजेड. दोन झोतांमधला काळोख काढून टाकला तर दीपगृहाची ओळखच पुसली जाईल. सणाच्या दिव्याचंही तसंच आहे. वर्षाच्या काळोखात तो ठरलेल्या वेळी लागतो आणि ठरलेल्या वेळी जातो, म्हणून तो दिवाळीचा किंवा नाताळचा म्हणून वाचता येतो.

आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं आणि ख्रिस्ती परंपरेलाही. आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेला उतरतो. नाताळचा गोठा आणि तारा ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत राहतो. गोव्यात रेइश मागुश आणि चांदोरला तो दिवस थाटाने साजरा होतो आणि मग सजावट आवरली जाते. दिवा उतरवणं हा सणाचाच भाग होता. आपल्याकडे तर आषाढी अमावास्येला घरातले सगळे दिवे घासून, पुसून, पाटावर मांडून त्यांची पूजा करत. वर्षातून एकदा प्रत्येक दिवा हातात घेऊन पाहिला जाई. कौलाखाली कायमची ठोकलेली पट्टी कोणी हातात घेणार नाही.

म्हणून माझं मागणं मोठं नाही. माळ लावताना ती उतरवायची तिथी त्याच दिवशी घरात ठरवावी. सणातही रात्री दहानंतर ती मालवावी. दिवे पिवळसर असावेत आणि वरून टोपी असावी, म्हणजे उजेड पायरीवर पडेल, आभाळात जाणार नाही. समुद्राच्या अंगाला फोकस लावू नये, झाडं मोकळी ठेवावीत. हे सरकारी कायद्याची वाट न पाहता एखादी वाडी एका बैठकीत ठरवू शकते.

पुतण्याशी याबद्दल बोललो तेव्हा तो छपराच्या कडेला कायमचे दिवे बसवून घेण्याच्या बेतात होता. मोबाईलवरून रंग बदलायचे, शिडी नको, थंडी नको. मी त्याला इतकंच विचारलं, "शिडी कोण धरतं तुझी?" तो म्हणाला, "मुलगी." थोडा वेळ थांबून त्याने सांगितलं की गेल्या वर्षी माळ खाली घेताना समोरचे म्हातारे गृहस्थ मदतीला आले होते आणि चार वर्षांत पहिल्यांदा त्यांची ओळख झाली. त्याने ते दिवे बसवले की नाही, मी विचारलेलं नाही. पण त्याच्याजवळ काय आहे, हे त्याचं त्यालाच बोलताना कळलं, असं मला वाटतं.

राहता राहिलं आमच्या पाखाडीखालचं कुलूपबंद घर. मी मालकांना फोन केला. तक्रार करायची म्हणूनच केला होता. ते म्हणाले, "मी झोपायच्या आधी रोज कॅमेऱ्यातून घर बघतो. नुसता काळोख दिसला की वाटतं, गेलं आता आपलं घर. म्हणून दिवे लावून घेतले." त्यावर मला पुढे बोलता आलं नाही. त्या माळांमागे माणूस होता, तो फक्त अडीचशे किलोमीटरवर होता आणि त्याला घर हवं होतं.

आम्ही दोघांनी मिळून एक सोय केली. आपोआप लागणारं यंत्र काढलं. माळा आता गणपतीत, शिमग्यात आणि दिवाळीपासून त्रिपुरीपर्यंत लागतात. एरवी पडवीत एकच पिवळा दिवा आहे आणि त्याचं बटण शेजारच्या आजींकडे आहे. तिन्हीसांजेला त्या आपल्या तुळशीपुढे पणती लावतात, मग काठी टेकत बेड्यातून तिकडे जातात आणि बटण दाबतात. झोपण्याआधी त्यांची सून जाऊन ते बंद करते. डोंबिवलीत मालक सात वाजता मोबाईल उघडून बसतात. आधी काळोख दिसतो, मग पडवीत हळूहळू एक आकृती येते, भिंतीकडे हात जातो आणि घर दिसू लागतं. ते मला म्हणाले, आता दिव्यापेक्षा आजींचीच वाट पाहतो.

परवा आजींना ताप होता. सव्वासात झाले तरी दिवा लागला नाही. डोंबिवलीहून आजींच्या घरी फोन आला, "आजी बऱ्या आहेत ना?"